निर्जनतेला तारीख असते

मराठी प्रवासलेखनात गेली काही वर्षे एकच लेख पुन्हा पुन्हा लिहिला जातो आहे. लेखक बदलतात, छायाचित्रे बदलतात, लेख तोच राहतो. लेखकाला गर्दीचा उबग आलेला असतो. सान्तोरिनी आणि मिकोनोस ही बेटे पर्यटकांनी ‘बाटवलेली’ म्हणून टाळली जातात आणि नकाशात भिंग लावून शोधावे लागेल असे एखादे ग्रीक बेट निवडले जाते. तेथे बोट दिवसातून एकदाच जाते. पांढरी घरे, निळ्या खिडक्या, उंबऱ्यात बसलेली काळ्या वेषातली एक म्हातारी, एक मांजर. टेकडी उतरून गेले की निर्जन किनारा लागतो आणि त्या किनाऱ्यावर लेखकाला स्वतःचा शोध लागतो. दिवाळी अंकात हा लेख ग्रीसविषयी असतो. रविवारच्या पुरवणीत तोच लेख कोकणाविषयी असतो. ऑलिव्हच्या जागी माड येतो, म्हातारीचे लुगडे बदलते, मांजर तेच राहते. विशेषणांची तर अदलाबदलही करावी लागत नाही: निवांत, निर्जन, अनाघ्रात, अस्पर्श.

ह्या लेखांचा कंटाळा येतो ही तक्रार किरकोळ आहे. कंटाळवाणे लेखन प्रत्येक वाङ्मयप्रकारात होते आणि आम्ही प्राध्यापक मंडळी ते वाचण्याचाच पगार घेतो. माझा आक्षेप वेगळा आहे. हे लेखन खोटे आहे, आणि त्याचे खोटेपण त्याच्या आवडत्या विशेषणातच आहे. माणसाची वस्ती ज्या जागी एकदा होऊन गेली तेथली निर्जनता ही निसर्गाची देणगी नसते. ती एखाद्या घटनेची शिल्लक असते. कोणीतरी तेथून गेले, कोणाला तरी तेथे पाठवले गेले, कोणाचा तरी व्यवहार बंद पडला, म्हणून ती जागा आज शांत आहे. अशा प्रत्येक शांततेला एक तारीख असते. ती तारीख शोधायची नाही आणि शांततेचे मात्र गोडवे गायचे, हा ह्या लेखनाचा व्यवहार आहे.

ग्रीसपासूनच सुरुवात करू, कारण निर्जन बेटाची कल्पना युरोपीय वाङ्मयाने तेथूनच उचलली. ‘ओडिसी’तले कॅलिप्सोचे बेट आठवावे. दूर, रम्य, माणसांपासून तुटलेले, सोबतीला देवता. आजच्या सहलकंपनीला ह्याहून अधिक काही देता येणार नाही. ओडिसिअस तेथे सात वर्षे आहे आणि आपल्याला तो प्रथम दिसतो तो समुद्रकाठी रडत बसलेला. त्याला घरी जायचे आहे. एकांत किनाऱ्याचे पाश्चात्त्य वाङ्मयातले पहिले ठळक चित्र हे अडकून पडलेल्या माणसाचे चित्र आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सॉफोक्लीसचे ‘फिलोक्टिटिस’ हे नाटक इ.स.पू. ४०९ मध्ये रंगभूमीवर आले. पायाला चिघळलेली जखम झालेल्या फिलोक्टिटिसला ग्रीक सैन्य लेम्नोस बेटावर टाकून पुढे जाते. नाटकाच्या आरंभीच लेम्नोस हे माणसाचे पाऊल न पडणारे, वस्ती नसलेले बेट असल्याचे सांगितले जाते. वास्तविक लेम्नोसवर वस्ती होती. होमरच्या लेम्नोसवर माणसे आहेत. ह्याच कथेवर इस्किलस आणि युरिपिडीस ह्यांनी लिहिलेल्या नाटकांत तर कोरस लेम्नोसवासीयांचा होता. सॉफोक्लीसने ती माणसे पुसली, कारण त्याला एका माणसाचे एकाकीपण संपूर्ण करून दाखवायचे होते. ओसाड बेट हे तेव्हापासून वाङ्मयीन उपकरण आहे. सॉफोक्लीसकडे हे उपकरण वापरण्याचे कारण होते: टाकून दिलेल्या माणसाची वेदना त्याला दाखवायची होती. आपल्या प्रवासलेखकाने उपकरण तेवढे घेतले आणि वेदना गाळली.

विसाव्या शतकात ग्रीक राज्यकर्त्यांनी हेच उपकरण प्रत्यक्षात वापरले. १९३६ नंतरच्या मेटाक्सासच्या हुकूमशाहीत आनाफीसारख्या दूरच्या बेटांवर राजकीय विरोधकांना हद्दपार केले गेले. यादवी युद्धाच्या काळात, १९४७ पासून, माक्रोनिसोस हे बेट छळछावणी म्हणून कुप्रसिद्ध झाले. यारोस बेटावर तर रोमन सम्राटांच्या काळापासून माणसे हद्दपार केली जात होती. विसाव्या शतकाने ती परंपरा फक्त चालू ठेवली. यानिस रित्सोस हा कवी १९४८ ते १९५२ ह्या काळात लेम्नोस, माक्रोनिसोस आणि आय स्ट्रातिस येथे बंदिवासात होता, आणि १९६७ मध्ये लष्करी राजवट आल्यावर त्याला पुन्हा यारोस आणि लेरोस ह्या बेटांवर धाडले गेले. सॉफोक्लीसने ज्या लेम्नोसला कागदावर ओसाड केले त्याच लेम्नोसवर हा कवी कैदी होता, आणि पुढे त्याने ‘फिलोक्टिटिस’ ह्याच नावाची दीर्घ कविता लिहिली. राज्यकर्त्यांनी बेट निवडताना लावलेले निकष पाहावेत: मुख्य भूमीपासून दूर, बोटी कमी, वस्ती विरळ. सहलीच्या जाहिरातीतले निकष ह्याहून वेगळे नाहीत.

जेथे हद्दपारी नव्हती तेथे स्थलांतर होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतच्या कास्तेलोरिझो बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो माणसे राहत होती. आज तेथे काही शे उरली आहेत. बाकीच्यांचे वंशज ऑस्ट्रेलियात आहेत. उंबऱ्यातली काळ्या वेषातली म्हातारी ‘काळ थांबल्यासारखी’ बसलेली नसते. तिची मुले पर्थला किंवा सिडनीला गेलेली असतात.

ग्रीसचे ग्रीसपाशी राहो, आम्हांला तो इतिहास कसा ठाऊक असणार, असे कोणी म्हणेल. पण मराठी वाचकाला ही सबब उपलब्ध नाही. दूरच्या बेटाविषयीचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक कोणते? ‘माझी जन्मठेप’. सावरकरांविषयीचे राजकीय मत काहीही असो, १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या पुस्तकामुळे बेट म्हणजे कारागृह हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले. ‘काळे पाणी’ हा शब्द उच्चारताना आपण रंगाविषयी बोलत नसतो. आज त्याच अंदमानच्या वाळूचे वर्णन करताना ‘निळेशार पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्या लेखणीतून सहज उतरतो आणि दोन शब्दांमधला तो प्रवास आपल्याला खटकतही नाही.

खुद्द कोकणचा किनारा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने असाच सोयीचा होता. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा ह्याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तो तेथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ स्थानबद्ध ठेवण्यासाठीही रत्नागिरी जिल्हाच निवडला गेला. पर्यटक ज्याला एकांत म्हणतो त्याला सरकारी दफ्तरात बंदोबस्त म्हणतात. ‘दूर’ हा शब्द तर अपुरा शब्द आहे. कोणापासून दूर हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्या ‘दुर्गम’ आहेत असे कागदोपत्री लिहिले जाते. त्या वाड्यांतल्या माणसाला मुंबई दुर्गम आहे, हे कोणत्याही कागदावर लिहिले जात नाही.

आता जवळ येऊ. रायगड जिल्ह्याचा किनारा, अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंतचा, हा सध्याच्या ‘अस्पर्श किनारा’ लेखनाचा आवडता प्रदेश आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला ह्या किनाऱ्याची ओळख वेगळ्या कारणाने असते, किंवा असायला हवी. अक्षीचा शिलालेख आणि शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, दिवेआगरचा ताम्रपट हे मराठीच्या आद्य कोरीव लेखांत गणले जातात. अक्षीच्या लेखाच्या कालनिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यामुळे मुद्दा बदलत नाही. आपली भाषा दगडावर आणि तांब्यावर उमटू लागली त्या अगदी आरंभीच्या ठिकाणांपैकी दोन ह्या किनाऱ्यावर आहेत. लेख कोरला जातो तेथे दान असते, व्यवहार असतो, साक्षीदार असतात, भांडणाची भीती असते. थोडक्यात, भरपूर माणसे असतात. मराठी भाषेच्या ह्या जुन्या पाऊलखुणा जेथे आहेत त्या वाळूला मराठी लेखकाने ‘अस्पर्श’ म्हणावे, हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे.

ह्याच किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज येथे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. दिवेकर, किहीमकर, नवगावकर, रोहेकर अशी आडनावे तिकडे अजून आहेत. म्हणजे गावे माणसांबरोबर गेली आणि मागे उरलेल्या शांततेची छायाचित्रे काढायला आपण जातो.

किनाऱ्यावरून सावित्री नदीच्या खाडीने आत यावे. मुखाशी बाणकोट, मग मैलोगणती पाणी, आणि आत दासगाव, वीर, महाड. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि पूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. वीर हे महाडकरांचे स्टेशन. तेथून दासगाव हाकेच्या अंतरावर आहे. ह्या टापूतली खाडी आज खरोखर शांत आहे: संथ पाणी, काठाची झाडे, एखादी होडी. ‘निवांत’ हे विशेषण जिला चिकटवण्याचा मोह कोणालाही होईल अशी ती जागा आहे.

त्या शांततेची तारीख पाहू. दासगाव हे चालते बंदर होते. महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगावला उतरले. हा मार्ग निसर्गशोभेसाठी निवडलेला नव्हता. धरमतरला उतरून मोटारीने यावे, तर मोटारवाले ऐनवेळी अस्पृश्यांना नाकारण्याची भीती होती. दासगावहून महाड पाचेक मैलांवर, म्हणजे पायी गाठता येण्याजोगे होते. धक्क्यावर हजारो माणसे वाट पाहत होती. २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या धक्क्यावर तो जमाव उभा होता तेथे पुढे रस्त्यांनी आणि नंतर रेल्वेने खाडीची वाहतूक संपवली. बंदर बंद पडते तेव्हा त्याच्याबरोबर हमाल जातो, तांडेल जातो, वखारवाला जातो. उरते ते ‘निवांत’ पाणी. २००५च्या जुलैत दासगाव, जुई आदी गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर आला. महाड तालुक्यात काही ठिकाणची शांतता अशी आहे की तिची तारीख गावातले मूलही सांगते. बाहेरून येणाऱ्या लेखकाने ती विचारलेली नसते, एवढेच.

येथेच ‘अस्पर्श’ ह्या शब्दाचा हिशेब केला पाहिजे. किनारा ‘अस्पर्श’ आहे म्हणजे त्याला कोणाचा स्पर्श झालेला नाही? कोळणी त्या वाळूवर मासळी वाळत घालतात. वाडीतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुपारी आणि नारळ लावतात. किनाऱ्यावरचे सुरूचे बनही लावलेलेच असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या आणि ती सावली किती माणसांच्या श्रमाची होती हे उघडे पडले. तरीही किनारा ‘अस्पर्श’ असेल तर त्याचा अर्थ एकच होतो: ह्या माणसांचा स्पर्श स्पर्शात धरलेला नाही. आपल्यासारख्या पर्यटकाचा पाय लागेपर्यंत जागा कोरी असते आणि लागला की बाटते, असे हे व्याकरण आहे.

महाडमध्ये तरी हे व्याकरण ओळखता आले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला ज्यांनी हात लावला त्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे ठरवून ते ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात पंचगव्याचे घडे ओतले गेले. त्यावरच्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ‘अस्पर्श किनारा’ लिहिणारा लेखक जातिवादी असतो असे मी म्हणत नाही. त्याच्या मनात तसे काहीही नसते, आणि प्रश्न मनाचा नाहीच, भाषेचा आहे. तळ्यावर काही माणसांचा स्पर्श मोजला गेला तो विटाळ म्हणून. किनाऱ्यावर काही माणसांचा स्पर्श मोजलाच जात नाही. दोन्ही वेळा कोणाचा स्पर्श मोजायचा हे ठरवणारा माणूस वेगळाच असतो. हा शब्द मराठीत निरागसपणे वापरता येत नाही. इंग्रजी माहितीपत्रकातून तो उचलून आपल्या गद्यात बसवताना आपल्या भाषेत त्याचे काय वजन आहे हे पाहणे ही लेखकाची किमान जबाबदारी होती.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की दमलेल्या माणसाला चार दिवस शांतपणे समुद्राकाठी बसू द्यावे, त्याच्यामागे इतिहासाचा ससेमिरा कशाला? मान्य. विश्रांतीविषयी माझी तक्रार नाही. डोळे मिटून वाळूवर पडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण डोळे मिटून पडलेल्या माणसाने परतल्यावर ‘मी काय पाहिले’ ह्या मथळ्याचा लेख लिहू नये. शिवाय शांतता हवी असेल तर ती कशी राखली जाते हेही पाहावे. सावित्रीच्या मुखाजवळ, बाणकोटच्या दक्षिणेला वेळास आहे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी एके काळी उकरून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक तेथे जातात आणि गावातल्या घरांतच उतरतात. वेळासचा किनारा कासवांसाठी सुरक्षित आहे तो माणसांचा स्पर्श झाला म्हणून. पहाटे उठून घरटी शोधणारी, जाळी लावणारी, राखण करणारी माणसे त्या शांततेत आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिताना कोणाचेही लेखन रुक्ष होणार नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे: प्रवासवर्णन हे ललित गद्य, त्यात लेखकाची अनुभूती महत्त्वाची, त्याच्याकडून गॅझेटिअरची अपेक्षा करू नये. हा आक्षेप आम्ही शिक्षकांनीच रुजवला आहे. पण मराठी प्रवासवर्णनाची परंपरा त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ह्याच जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण आजही वाचतो. का वाचतो? गोडसे भटजींच्या अनुभूतीला तोटा नाही. त्यांची भीती, लोभ, भक्ती सगळे त्यात आहे. पण त्यांच्या पुस्तकातले एकही शहर निर्जन नाही. झाशी ओसाड होते तेव्हा ती कशी ओसाड झाली, कोणाच्या हातून, हे ते सांगतात. अनुभूती आणि चौकशी ह्यांचे वैर नसते, हे सांगायला ह्याहून चांगला पुरावा नाही.

हा वाद केवळ रुचीचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण रिकामी म्हणून वर्णिलेली जागा रिकामी म्हणून वापरलीही जाते. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग आखला गेला आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनींच्या जाहिराती प्रवासलेखकाचीच विशेषणे वापरतात. ‘येथे कोणीच नाही’ हे वाक्य ललित लेखात सुंदर वाटते आणि खरेदीखतात सोयीचे असते. ज्याची तेथे सामायिक वहिवाट आहे, होडी ओढायची जागा आहे, मासळी वाळवायची वाळू आहे, त्याच्या दृष्टीने ह्या दोन वाक्यांत फरक नाही.

दुसरी हानी वर्गात दिसते. महाड-पोलादपूरकडच्या मुलांना ‘माझे गाव’ ह्या विषयावर लिहायला सांगितले की पानांमागून पाने ‘निसर्गाच्या कुशीत वसलेल्या शांत गावा’ची येतात. ज्या मुलाचा बाप मुंबईत किंवा सुरतेत आहे, ज्याच्या आळीतली निम्मी घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात, तोही आपले गाव पर्यटकाच्या डोळ्यांनी पाहतो आणि पर्यटकाच्या शब्दांत लिहितो. त्याला चांगले गुण मिळतात. स्वतःच्या गावाचे रिकामेपण हा त्याचा खरा विषय होता. तो आम्ही शिकवलेल्या गोड गद्यात बुडाला. मराठी साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी ह्याहून मोठे नुकसान कोणते केले असेल ते मला सुचत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रवासवर्णनाच्या प्रश्नपत्रिकेतला ‘लेखकाच्या निसर्गवर्णनातील सौंदर्यदृष्टी स्पष्ट करा’ हा प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवावा आणि त्याजागी ‘ह्या वर्णनात कोण दिसत नाही?’ हा प्रश्न घालावा. संपादकांनी ‘अस्पर्श’, ‘अनाघ्रात’ आणि ‘निर्जन’ ह्या शब्दांपाशी लाल पेन थांबवावे. आणि पुढच्या वेळी जो लेखक ग्रीक बेटावर किंवा कोकणच्या एखाद्या आडगावी जाईल त्याने किनाऱ्यावर उतरण्याआधी गावात एवढे विचारून घ्यावे: किती घरे बंद आहेत, केव्हापासून, आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात.